पहिल्या मालकाचं बोट

नव्या गेम मशीनला डिस्क घालायची खाच नसणार, या बातमीवर पहिला दात पडला.

दात शाळेच्या बसड्रायव्हरचा होता, पाडला जिमवाल्याने. दोघांत वैर असं काही नव्हतं. एक म्हणाला खाच असणार, दुसरा म्हणाला नसणार, आणि चर्चा संपली. दात आमच्या काउंटरच्या काचेवर पडला, स्वतःभोवती फिरला आणि थांबला. समोरच्या दवाखान्यातला दातांचा डॉक्टर तेव्हा आमच्याकडे कंट्रोलर निवडत बसला होता. त्याने दात उचलून उजेडात धरला.

"हा असाही जाणारच होता," तो म्हणाला. "बाजूचा मात्र चांगला आहे. तो सांभाळा."

जिमवाल्याने बाजूचाही पाडला.

आमचं दुकान जुनी गेम मशिनं दुरुस्त करून विकण्याचं. दुकान दाजींचं, म्हणजे माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं. मी त्यांना दाजी म्हणतो म्हणून अख्खी गल्ली त्यांना दाजी म्हणते, आणि त्या नात्याने अख्खी गल्ली माझ्या ताईचा भाऊ लागते. हे नातं पुढे गल्लीला फार जड गेलं.

कामाची वाटणी सरळ होती. दाजी मशिनं दुरुस्त करत, मी ती पुसून-चमकवून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारत असे, आणि ताई वरच्या मजल्यावरून आम्हा दोघांचा अपमान करत असे. दाजी म्हणजे मुंगीला आधी वाट देणारा माणूस. जन्मभर सोल्डरिंग करून त्यांच्या बोटांची टोकं भाजून भाजून संगमरवरासारखी गुळगुळीत झाली होती. त्यांचा स्वतःचा फोन त्यांना ओळखत नसे. सासरचे ओळखत, पण दाखवत नसत.

दाजींचा एक नियम होता: बंद मशीन विकायचं नाही. गिऱ्हाइकाने घरी नेलं की बटण दाबून थेट खेळायला बसलं पाहिजे. आता ही जुनी मशिनं पहिल्यांदा चालू केली की एकदाच, फक्त एकदाच, 'मालकाचं बोट' मागतात. कंट्रोलरवर एक गोल चकती असते, तिच्यावर बोट टेकवायचं. पुढे चकती ते बोट ओळखते, पण खेळायला ते लागत नाही, त्यामुळे त्याच्याकडे कुणी लक्षही देत नाही. आमच्या दुकानातला टीव्ही एका जुन्या भांडणात शहीद झाला होता. म्हणून दुरुस्त झालेलं मशीन वर घरी जाई, तिथल्या टीव्हीला लागे, बोट वगैरे आटपून खाली येई आणि मी ते विके. म्हणजे गल्लीतल्या झाडून सगळ्या मशीनचा पहिला मालक कागदोपत्री आमच्याच घरातला होता. याचं कुणाला काही वाटण्याचं कारण नव्हतं. गॅसच्या शेगडीचा पहिला मालक कोण, हे कोण विचारतं?

मग नव्या मशीनच्या बातम्या यायला लागल्या.

बातम्या आणायचा खोकं. खरं नाव त्याच्या आईला माहीत असेल. त्याचा मामेभाऊ एका छापखान्यात होता आणि त्या छापखान्यात नव्या मशीनची खोकी छापत होते. मामेभावाने मशीन पाहिलेलं नव्हतं, पण त्याचं खोकं रोज पाहत होता, आणि आमच्याकडे त्याच्याइतका जवळचा दुसरा माणूस नव्हता. खोकं रोज दुपारी येई, स्टुलावर बसे आणि पाणी मागे. पाणी पिईपर्यंत सगळे श्वास धरून बसत.

"नवं मशीन ऐकणार," एके दिवशी तो म्हणाला. "शिवी दिली की बंद."

पुढचा आठवडा गल्ली सवय लावून घेत होती. मारामाऱ्या कमी झाल्या नाहीत, फक्त भाषा सुधारली. "आपल्या कानाखाली एक ठेवून देतो हं," असं म्हणून बसड्रायव्हरने जिमवाल्याच्या कानाखाली ठेवून दिली, आणि जिमवाला "आभारी आहे" म्हणत त्याच्या बरगडीत शिरला.

"हरल्यावर कंट्रोलर आपटला," खोकं दुसऱ्या दिवशी म्हणाला, "तर तो उलटून मारणार."

यावर दातांचा डॉक्टर खूश झाला.

या सगळ्यात एक माणूस कधी बोलत नसे. मटणवाला. कोपऱ्यावर त्याचं दुकान. दिवसभर तो बोकड सोलायचा आणि संध्याकाळी घरी जाऊन गेममध्ये मेंढ्या पाळायचा. त्याच्या मशीनमध्ये हजाराच्या वर मेंढ्या होत्या. प्रत्येकीला नाव होतं. कित्येक वर्षांत त्याने त्यातली एकही मरू दिली नव्हती, म्हातारपणानेसुद्धा नाही. त्यासाठी काय करावं लागतं हे त्याने मला एकदा सांगायला घेतलं आणि मध्येच त्याला रडू आलं. हातात सत्तूर असलेल्या माणसाला रडू आलं की आपण काय करावं हे कळत नाही. मी रुमाल दिला. त्या रुमालाने त्याने सत्तूर पुसला.

त्याने आतापर्यंत कुणालाही हात लावला नव्हता. मेंढ्यांना धक्का लागेल असं कुणी काही बोललंच नव्हतं ना.

तसं खोकं बोलला.

"मोठी बातमी," तो म्हणाला आणि पाणीसुद्धा मागितलं नाही. "जुन्या मशीनमधलं सगळं नव्यात नेता येणार. खोक्यावर चित्रच आहे. पण चित्रात एक बोट आहे. खाली लिहिलंय, पहिल्या मालकाचं बोट."

"आणि बोट नसेल तर?" मटणवाल्याने विचारलं. दुकानात त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला.

"नसेल तर पुसलं सगळं. जुनं मशीनही नवं आलं त्या दिवसापासून बंद करणार म्हणतात."

सगळ्यांच्या माना हळूहळू मागच्या टेबलाकडे वळल्या. दाजी भिंगातून सर्किटच्या एका पट्टीकडे बघत होते. त्यांचं उजवं पहिलं बोट हवेत होतं, सोल्डरची तार धरून.

पहिले काही दिवस गोड गेले. दाजींना कुणी पिशवी उचलू देईना. जिमवाल्याने त्यांना दार उघडून दिलं, बसड्रायव्हरने बस थांबवून रस्ता ओलांडून दिला, आणि दातांच्या डॉक्टरने हातमोजा भेट दिला, फक्त उजव्या हाताचा. मटणवाल्याने बघून ठेवलं की बोटाला नख व्यवस्थित कापलेलं आहे. दाजी लाजून लाल झाले. "अरे, माझ्या बोटात काय आहे," ते म्हणत राहिले. लोकांना तो विनय वाटला.

"बोट दिलं की हात धरतात, अशी माणसं आहेत ही," ताई जिन्यातून म्हणाली. "सांभाळून राहा."

मग खोकं परत आला. चेहरा उतरलेला.

"एक अट आहे," तो म्हणाला. "एक बोट एकदाच. एका मालकाचं एकाच नव्या मशीनला चालणार."

दुकानात कुणी हललं नाही. भिंतीवरचा पंखा तेवढा मान हलवत होता. मग जिमवाल्याने बसड्रायव्हरकडे पाहिलं, बसड्रायव्हरने डॉक्टरकडे पाहिलं, आणि मटणवाल्याने कुणाकडेही न बघता विचारलं:

"बोट अंगाला जोडलेलं असावं, असं लिहिलंय का?"

खोकं बराच वेळ आठवत राहिला. प्रामाणिक माणूस. "नाही," तो म्हणाला. "तसं काही लिहिलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मटणवाला आला तो धुतलेला अॅप्रन घालून. डाव्या काखेत त्याचं मशीन, उजव्या हातात सत्तूर. चपला बाहेर काढल्या.

"दाजी, जरा हात देता का?"

"कशाला रे?"

"बोट ठेवून घेतो. मशीन परवा येतंय. तोवर माझ्याकडे राहील. डीप फ्रीझर आहे."

दाजी उठून उभे राहिले आणि टेबलाच्या पलीकडे सरकले. मी काउंटरवरून उडी मारली. उडी चांगली होती, उतरलो मात्र बसड्रायव्हरच्या अंगावर, कारण तोही तेव्हाच आत शिरत होता, हातात जॅकचा दांडा घेऊन. त्याच्यामागे जिमवाला, हातात डंबेल. त्याच्यामागे दातांचा डॉक्टर, हातात दात उपटायची पक्कड. पक्कड सोबत असणं हा निव्वळ योगायोग आहे, असं त्याने आत येताच जाहीर केलं.

दांडा माझ्या खांद्यावर बसला. माझ्या हाताला जुन्या मशीनचा अडॅप्टर लागला. जुना अडॅप्टर म्हणजे वीट, फक्त विटेला वायर नसते. मी वायर धरून गरगरा फिरवला. बसड्रायव्हरचे उरलेसुरले पुढचे दात गेले. डॉक्टर सवयीने ते टिपायला वाकला, जिमवाल्याचं डंबेल त्याच्या पाठीत बसलं, आणि तो दातांवरच आडवा झाला. जिमवाल्याने माझ्या डोक्यात मॉनिटर घातला. मॉनिटर वॉरंटीत होता, डोकं नव्हतं. काचेच्या कपाटातून शंभर डिस्क घरंगळल्या आणि त्यांवरून घसरत आम्ही सगळे एकमेकांचे गळे धरून दुकानभर फिरलो. माझ्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं, त्यामुळे पुढचं मी एकाच डोळ्याने पाहिलं. तेवढं पुरलं.

या सगळ्याच्या मधून मटणवाला बाजारातून भाजी घेऊन चालल्यासारखा चालत गेला. त्याने टेबल बाजूला केलं, दाजींचं मनगट धरलं आणि हात हिरव्या रबरी मॅटवर ठेवला, जिच्यावर दाजी सर्किट ठेवतात.

"उजवं नको रे," दाजी म्हणाले. "माझं सगळं काम त्याच्यावर आहे."

"माझ्या मेंढ्यांचंही त्याच्यावरच आहे, दाजी."

"तुझा गैरसमज होतोय. हे बोट..." दाजी बोलता बोलता थांबले. त्यांनी एकदा वर, छताकडे पाहिलं. वरून भांड्यांचा आवाज येत होता. मग त्यांनी तोंड मिटलं, डोळे मिटले, आणि बाकीची चार बोटं शहाण्या मुलासारखी आत दुमडून घेतली.

आवाज फार मोठा झाला नाही. गाजर चिरल्यासारखा झाला.

मारामारी जागच्या जागी थांबली. एवढ्या सगळ्यात खरंच काही कापलं जाईल अशी कुणाचीच तयारी नव्हती. जिमवाल्याने माझा गळा सोडला आणि उगाच माझी कॉलर नीट केली. दाजी खाली बसले, रक्त भळाभळा मॅटवरून टेबलाखाली जायला लागलं. मी अंगातला शर्ट काढून त्यांच्या हाताला करकचून बांधला.

मटणवाल्याने सत्तूर काउंटरवर ठेवला. दोन्ही हात लागणार होते. नुकत्याच विक्रीला आलेल्या दुसऱ्या मॉनिटरला त्याने मशीन लावलं, खात्री करून घ्यायला बोट अलगद उचललं, अॅप्रनला पुसलं आणि कंट्रोलरच्या गोल चकतीवर टेकवलं.

लाल दिवा. 'मालक ओळखू आला नाही.'

त्याने पुन्हा टेकवलं. लाल. उलटं, आडवं टेकवलं. लाल.

"गार पडलं असेल," जमिनीवरून डॉक्टर म्हणाला. "फुंकर मारून बघा."

मटणवाल्याने बोटावर फुंकर मारली. लाल.

"त्याला काही ठसाच नाही रे," दाजी कण्हत म्हणाले. "गुळगुळीत आहे ते. केव्हाचं."

ही गोष्ट आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. मी तर रोज त्यांच्या फोनचं कुलूप आकडे घालून उघडत होतो. पण दुकान दाजींचं, दुरुस्ती दाजींची, म्हणजे बोटही दाजींचंच, हे आम्ही इतकं धरून चाललो होतो की विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

"मग मशीनमध्ये कुणाचं बोट आहे?" मटणवाल्याने विचारलं.

तेवढ्यात जिना वाजला.

ताई खाली आली ती दाजींचा जेवणाचा डबा घेऊन. तिने डिस्कांचा सडा पाहिला, मॉनिटर गळ्यात घालून बसलेला मी पाहिला, दाजींच्या हाताला बांधलेला माझा शर्ट पाहिला. तो शर्ट तिनेच घेतला होता. मग मटणवाल्याच्या हातात काय आहे ते पाहिलं. डबा तिने शांतपणे काउंटरवर ठेवला. कंट्रोलर ओढून घेतला आणि चकतीवर स्वतःचं बोट टेकवलं.

हिरवा दिवा. 'मालक, स्वागत आहे.' पडद्यावर हजार मेंढ्या एकदम बें करून ओरडल्या.

"माझं आहे," ताई म्हणाली. "मशीन वर आलं की यांचं बोट लागायचं नाही, म्हणून मी पोळ्या लाटता लाटता लावत होते. आता बोला. कुणाला हवंय?"

आणि काउंटरवरचा सत्तूर तिने उचलला.

खरं तर कुणालाच नको होतं. पण दुकानाला दार एकच, आणि त्यात ती उभी. भावाला बडवायचा बहिणीला जन्मसिद्ध हक्क असतो, आणि त्या दुपारी गल्लीत सगळे तिचे भाऊच होते. सत्तूर तिने फक्त बोथट बाजूने वापरला, हे तिच्या बाजूने नमूद करतो. जिमवाल्याचं ढोपर त्या बाजूनेही फुटलं. बसड्रायव्हरला मारायला तोंडात काही उरलं नव्हतं, म्हणून तिने जबडा घेतला. डॉक्टरच्या पाठीवर ती पाय देऊन पुढे गेली आणि परत येतानाही तिथूनच आली. पक्कड त्याच्या कानाला लावून तिने "हाही असाही जाणारच होता का?" असं विचारलं. त्याने नाही म्हणायच्या आत कानाची पाळी गेली. खोकं स्टुलावरच बसून होता. त्याला तिने स्टुलासकट बाहेर फेकलं. मटणवाला तेवढा हलला नाही. ती त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा तो बंद पडलेल्या पडद्याकडे बघत होता, कारण माझ्या अडॅप्टरच्या वायरीत अडकून प्लग निघाला होता. तिने डब्याचं झाकण उघडलं आणि उकळती आमटी त्याच्या डोक्यावर ओतली. तो ओरडला. मेंढीसारखाच ओरडला.

बोट सापडलं, पण त्याच्यावर आधी जिमवाल्याचा बूट, मग डॉक्टरची पाठ आणि शेवटी आमचं कपाट पडून गेलं होतं. इस्पितळात म्हणाले, अर्धंच गेलंय, पण हे आता जोडता येणार नाही. कसं झालं, विचारलं. दाजी म्हणाले, मशीनच्या पंख्यात गेलं. मशीनचा पंखा बिस्किटाएवढा असतो, पण डॉक्टरीण बाईंच्या घरी मशीन नसावं. पोलिसांकडे जाण्यात अर्थ नव्हता. चौकीतल्या मशीनवरही ताईचंच बोट होतं.

"तोंड उघडून सांगायचं होतं ना," ताई खाटेशेजारी बसून म्हणाली, "की माझं नाही म्हणून."

"मग ते वर आले असते."

ताईने त्यांच्या हाताखालची उशी सरकवून नीट केली. "मूर्ख माणूस," ती म्हणाली आणि तोंड फिरवून माझ्याच पाठीत एक धपाटा घातला.

नवं मशीन आलं. त्याला खाच होती. शिव्यांचं त्याला काही वाटत नव्हतं. खोक्यावर बोटाचं चित्रही होतं, पण ते बोट खोक्याच्या तळाकडे दाखवत होतं आणि तळावर लिहिलं होतं: जुनं सगळं केबलने आणता येईल. केबल वेगळी मिळेल. खोकं हात जोडून म्हणाला की मामेभावाच्या छापखान्यात फक्त चार बाजू छापतात, तळ दुसरीकडे छापून येतो. पहिल्या मालकाचं काय, विचारलं, तर म्हणाला, अक्षरं बारीक होती आणि मामेभाऊ चष्मा लावत नाही.

केबल जुन्या पद्धतीची होती, बाजारातून कधीच गेलेली. आमच्याकडे मात्र खोकंभर होत्या. ताई स्वतः काउंटरवर बसली. गल्ली एकेक करून आली, कुणी कुबडीवर, कुणी कानाला बोळा लावून. प्रत्येकाला तिने एक केबल आणि एक थोबाडीत दिली. कुणी तक्रार केली नाही. दाजी मागच्या टेबलाशी बसलेले असत. डाव्या हाताने सोल्डरिंग करून बघत, आणि तार दर वेळी भलतीकडे चिकटे. दुरुस्तीची मशिनं मी परत पाठवू लागलो होतो.

मटणवाला सगळ्यांत शेवटी आला. डोक्याला फडकं, गालावर फोड.

"ताई, एक केबल."

"कुठली? बोट ठेवून दाखव."

केबली काचेवरच पसरलेल्या होत्या. त्यांच्या शेजारी सत्तूर होता. तो आम्ही परत केलेला नव्हता, खोकी उघडायला बरा पडत होता. मटणवाल्याने सत्तुराकडे पाहिलं. नव्याने धार लावली आहे हे त्याला लगेच कळलं असणार, त्याचा धंदाच तो.

"त्यांना चारा घातलेला नाही किती दिवस," तो पुटपुटला आणि काचेवर बोट ठेवलं.

ताईने सत्तूर उचलला. मी छताकडे पाहिलं. धाडकन आवाज झाला, काच तडकली, आणि कुणीच ओरडलं नाही म्हणून मी खाली पाहिलं. मटणवाल्याचं बोट जागेवर होतं. त्याच्या शेजारी केबल मधोमध तुटून पडली होती.

ताईने एक तुकडा त्याच्याकडे सरकवला. "अर्धं बोट नेलंस, अर्धी केबल घे."

"ताई, अर्धी केबल चालत नाही."

"अर्धं बोट चालतं का?"

मग मान खाली घालून त्याने विचारलं, "जोडून मिळेल का?"

मागच्या टेबलावरून दाजींनी पट्टी बांधलेला हात वर केला.

"मिळाली असती," ते म्हणाले.